नेर

धुळ्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत
सुपडू आप्पा एकतीस वर्षं बसले.
कर्णा नेमका डोक्यावर.
गावाचं अर्धं नाव कर्णा खायचा,
आत पोचायचं ते शेपटाकडचं.
"...नेर."
"कोनतं नेर वं माय?
माले शेवटच ऐकू येस."

गाड्यांची यादी शोधता यावी म्हणून
मला बोलावलं होतं.
सोपं वाटलं.
पहिलं अक्षर घ्यायचं, त्या फांदीवर उतरायचं,
उरलेला शब्द फांदीच्या हाती द्यायचा.
फांदी म्हणजे पुन्हा झाडच, थोडं लहान.
तीही तेच करते,
शब्द संपेपर्यंत.
सा म्हटलं की साक्री, सावदा, सावळदे
एका देठाला.
आमची झाडं वरून खाली वाढतात
हे काही आप्पांना पटेना.
कागद उलटा धरून म्हणाले, "आते दिसनं."
आणि मग, कागद तसाच उलटा धरून,
"पन मानसं शेवटकडथून येतस.
त्यासनं काय?"

त्या रात्री दुसरं झाड लावलं,
मागून वाचणारं.
आधी फसले.
नेर उलटलं तर न-ची मात्रा सुटून
र-च्या डोक्यावर बसली,
पडद्यावर आलं: रेन.
असलं गाव खानदेशात नाही.
मग अक्षर सोलायचं सोडून
मात्रेसकट, अनुस्वारासकट
अख्खं उचलायला शिकले.

र.
ने.
इथे एक खूण करावी लागली,
कारण साक्रीच्या रस्त्याला, पांझरेकाठी
नुसतं नेर नावाचंही गाव आहे.
खूण नसती
तर ते फक्त दुसऱ्यांच्या नावांकडे जायची वाट झालं असतं,
तिथे कुणी उतरलंच नसतं.
पुढे म, म-ला जामनेर.
पुढे ळ, आणि ळ-ला तिघं:
अमळनेर, पिंपळनेर, सावळनेर.

आठवड्याने डेपोतून चिठ्ठी आली.
सावळनेर धरणात गेलेलं आहे,
फेरी बंद, नाव काढा.

आमच्या भाषेत काढणं असं नसतंच.
एकदा ठेवलेलं बदलायचं नाही, हा दंडक.
झाड द्यायचं, झाड परत घ्यायचं,
जुन्याला ओरखडा नाही.
मूळ, र, ने, ळ, एवढ्या चारच गाठी
नव्याने बांधल्या,
ळ-खालचा व आणि त्याखालचा सा
नव्या झाडात घेतला नाही.
बाकी अमळनेर, पिंपळनेर, जामनेर
जिथल्या तिथे,
बांधावरच्या बाभळीसारखे
दोन्ही शेतांचे.

जुनं झाड कुणाच्याच हाती नसलं
की मशीन ते झाडून नेतं.
माझ्या हाती होतं.
का, ते विचारू नका.
सोडवेना.

आप्पा पडताळायला बसले, एका बोटाने.
सावळ, इथवर वाट होती,
सावळदे तापीकाठी अजून आहे ना.
पुढचं अक्षर दाबलं, आणि काही नाही.
मग शेवटाकडून आले,
सवयीने.
र, ने, ळ.
दोन नावं.
ते दोन नावांकडे बघत राहिले
आणि बोट कीवरून उचललं नाही,
पडदाभर ळळळळळ.

मी जुनं झाड पुढे केलं.
सावळनेर:
एक गाडी, मुक्कामी,
निघण्याची वेळ सकाळी सव्वासहा.

"तठे मन्ही बहीन देयेल व्हती,"
एवढंच म्हणाले.
चष्मा पुसला नाही, काही नाही.
विचारलं मात्र,
ही गाडी नव्या यादीत दिसत नाही
आणि जुन्या यादीत रोज सुटते,
तर ड्रायव्हर कुठे झोपतो?

मला उत्तर आलं नाही.
तेवढ्यात कर्णा खरखरला,
नावाची पहिली अक्षरं गिळून बोलला
"...नेर, फलाट तीन,"
आणि आप्पांनी
मान वर केली.